खंडेनवमीची सुट्टी

मला पाहून आजवर कुणी 'वा, काय सुंदर!' असं म्हटलेलं नाही, मित्रांनो, आणि म्हणायचं काही कारणही नाही. मी एक जुनं पितळी कुलूप आहे. अंगाने जाडजूड, वजनाला भारी, पोटावर ओरखडे आणि कडीवर थोडा गंज. पण माझ्या पोटातली कळ अजून पक्की आहे. कुलपाची परीक्षा त्याच्या रूपावर होत नसते. त्याच्यामागे काय ठेवलंय आणि ते तिथेच राहिलं का, यावर होते. त्या परीक्षेत मी वर्षानुवर्षं पहिला येत होतो. मग एका सणाच्या दिवशी नापास झालो, आणि तेही मला परीक्षेला बसू न देता. तीच गोष्ट तुम्हाला सांगायची आहे. ऐकताना वाईट वाटेल, पण ऐका.

माझा जन्म अलीगढचा. तिथे एका अरुंद गल्लीत कुणी वाळूच्या साच्यात वितळलेलं पितळ ओतलं, कुणी मला कानशीने घासलं, कुणी पोटात लिव्हर बसवले, तर कुणी किल्ली कापली. इतक्या हातांतून गेलो की माझा बाप कोण, हे मला सांगता यायचं नाही. मग खोक्यात भरून मालगाडीने बेंगळुरूला आलो आणि चिकपेटेतल्या एका दुकानात खिळ्याला लटकलो. येणारंजाणारं गिऱ्हाईक किंमत विचारायचं, आणि ती ऐकून शेजारचं पत्र्याचं कुलूप घेऊन जायचं. मला राग यायचा. पण लटकलेल्याने रागावून करायचं काय?

एक दिवस उमाकांतराव आले. सरकारी विमान कारखान्यात इंजिनिअर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, खिशात पेन्सिल. त्यांनी किंमत विचारलीच नाही. मला कानाशी धरलं, किल्ली फिरवली, परत फिरवली, पुन्हा फिरवली. दुकानदार कंटाळून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला तरी यांचं ऐकणं चालूच. शेवटी म्हणाले, "लिव्हर छान बसतायत. हेच द्या." मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या पोटातलं ऐकलं होतं. मी तिथल्या तिथे त्यांचा होऊन गेलो.

जयनगरातल्या त्यांच्या घरी गेल्यावर कळलं की मला दाराला लावायचं नव्हतं. मला बंदुकीची राखण करायची होती.

ही बंदूक आली कुठून, तेही सांगतो. उमाकांतरावांचे वडील खानापूरकडचे. जंगलाच्या कडेला त्यांचं भाताचं शेत होतं. रानडुकरं येऊन उभं पीक लोळवून जायची, म्हणून त्यांनी परवाना काढून दुनळी बंदूक घेतली होती. ते वारले, शेत विकलं गेलं, भांडीकुंडी भावंडांत वाटली गेली, आणि बंदूक रीतसर अर्ज होऊन, परवाना बदलून, बेंगळुरूला थोरल्या मुलाकडे आली. आता जयनगरात रानडुक्कर कुठून यायचं? फार तर भाजीच्या गाडीमागे एखादी गाय येते. पण वडिलांची आठवण पडली ना! "वापरायची नाही, पण टाकायचीही नाही," असं उमाकांतराव म्हणत.

त्यांच्या पत्नी अलकाताई यावर हसायच्या. "आठवणच हवी तर मामंजींचा फोटो आहे की भिंतीवर. त्याला परवाना लागत नाही, तेलपाणी लागत नाही."

पण खोटं कशाला बोलू? उमाकांतराव बेफिकीर माणूस नव्हते. त्यांनी स्वतः आकृती काढून पोलादी उभं कपाट करवून घेतलं, ते निजायच्या खोलीत भिंतीला बोल्टने आवळलं आणि त्याच्या कडीत मला अडकवलं. काडतुसं त्या कपाटात कधीच ठेवली नाहीत. ती वेगळ्या खोलीत, वेगळ्या कुलपात. माझी किल्ली त्यांच्या जानव्याला. आंघोळीलाही ती त्यांच्याबरोबर जायची, आणि साबण लागून लागून माझ्यापेक्षा जास्त चकाकायची. निवडणुका आल्या की सगळ्या परवानाधारकांना बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. तेव्हा ते वेळेवर जमा करून येत, आणि निकाल लागून परवानगी मिळाली की दुसऱ्या दिवशी आणायला जात. बंदूक ठाण्यात असली की अलकाताई स्वयंपाक करताना गुणगुणत असायच्या. हे त्यांच्या यजमानांच्या कधी लक्षात आलं नाही, पण माझ्या आलं होतं. मला रिकाम्या कपाटावर लटकून दुसरं काम काय होतं?

पाहुणे आले की उमाकांतराव त्यांना कपाट दाखवत आणि माझ्या पोटावर टिचकी मारून म्हणत, "हे आहे तोवर काळजी नाही." मी फुगून जायचो. स्तुती कुणाला आवडत नाही? पण आज वाटतं, ती स्तुती झाली नसती तर बरं झालं असतं. त्यांनी त्यांची सगळी काळजी माझ्या कडीला अडकवली आणि ते मोकळे झाले.

वर्षातून एक दिवस मला सुट्टी असायची. खंडेनवमीची.

तुमच्यापैकी जे बेंगळुरूत राहतात त्यांना वेगळं सांगायला नको. इथे त्या दिवसाला आयुधपूजा म्हणतात, आणि तिचा थाट काही औरच. रिक्षांना केळीचे खांब, बसगाड्यांना झेंडूच्या माळा, दुकानांत तराजूला हळदकुंकू, आणि रस्त्यात कुंकू भरलेले कोहळे फोडलेले. उमाकांतरावांच्या कारखान्यातही पूजा असे. त्या दिवशी यंत्रं पुसूनबिसून सजवायची आणि मग कुणी बटणाला बोट लावायचं नाही. आज त्यांच्याकडून काम घ्यायचं नाही, आज त्यांचा मान. उमाकांतरावांनी तोच थाट घरीही आणला आणि निवृत्तीनंतरही सोडला नाही. दिवाणखान्यात चौरंगावर लाल वस्त्र अंथरायचं. त्यावर वडिलांची बंदूक, कारखान्यातली मोजपट्टी आणि नट आवळायचे पाने, अलकाताईंची कात्री, मुलाचा लॅपटॉप मांडायचा. बंदुकीपुढे ताम्हनात दोन काडतुसं ठेवायची, कारण वडील म्हणत, शस्त्र पूजायचं तर पुरं पूजावं. आणि या सगळ्यांबरोबर मी. माझ्या पोटात किल्ली खोचून मलाही झेंडू वाहत. मग दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, उत्तरपूजा होईपर्यंत कुणी काही हलवायचं नाही.

म्हणजे पाहा मित्रांनो, वर्षभर जी वस्तू कुलपात, ती त्या दिवशी बाहेर. काडतुसं तिच्या शेजारी. आणि कुलूप पूजेत! इतक्या काळजीवाहू माणसाला यातली चूक दिसली नाही, कारण ती चूक नव्हतीच त्यांच्या लेखी. तो देवाधर्माचा भाग होता. वर्षानुवर्षं काही झालं नाही, म्हणून काही होणार नाही असं सगळे धरून चालले.

त्यांचा मुलगा आशय लहान होता तेव्हा या पूजेत माझा वाटा तो ठरवायचा. बाकीच्यांना आई कुंकू लावायची, पण मला लावायचा हक्क त्याचा. एकदा त्याने माझ्या किल्लीच्या भोकात चुरमुरा कोंबला. का, तर कुलूपमामाला भूक लागली असेल. उमाकांतरावांनी तो चिमट्याने काढता काढता घाम गाळला आणि आशय पोट धरून हसत होता. असा हसरा मुलगा मी दुसरा पाहिला नाही.

मोठा होऊन तो कोरमंगलाला एका कंपनीत लागला. जायचा-यायचा वेळ वाचावा म्हणून तिथेच एका पीजीत राहू लागला. शनिवार-रविवारी घरी यायचा. मग महिन्यातून एकदा. मग फोनवरच. आणि एका उन्हाळ्यात सामानसुमान घेऊन आला तो परत गेलाच नाही.

मला तो दारातून दिसायचा. पलंगाच्या कडेला बसलेला, पायांकडे पाहत. दाढी वाढलेली, ताट तसंच. फोन बंद पडला तरी चार्जिंगला लावायचा नाही. आई बोलली की "हं" म्हणायचा. उमाकांतरावांना वाटलं, आळस. "सकाळी लालबागेत पळायला जा. घाम निघाला की डोकं साफ होतं," असं ते त्याला रोज सांगत. तो ऐकून घेई, आणि त्यांची पाठ वळली की तोंडावर चादर ओढून घेई. मित्रांनो, पाय मोडलेल्याला आपण पळायला सांगत नाही, कारण त्याचं प्लास्टर दिसतं. मनाला प्लास्टर घालता येत नाही, एवढाच काय तो फरक.

अलकाताईंनी मात्र ओळखलं. त्याच त्याला डॉक्टर स्मितांकडे घेऊन गेल्या, यजमानांनाही बरोबर नेलं. मनाच्या आजारांच्या डॉक्टर. तिथून आल्यावर आईवडील कपाटासमोर उभे राहून बोलत होते, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"नैराश्य म्हणाल्या त्या. आजारच आहे. औषधांनी, बोलण्याने बरा होतो," अलकाताई म्हणाल्या. "पण अहो, त्यांनी विचारलं ते ऐकलंत ना? घरात बंदूक आहे का म्हणून."

"मी खरं तेच सांगितलं. आहे, पण कुलपात आहे."

"त्या म्हणाल्या, कुलपातसुद्धा नको. तो बरा होईपर्यंत घराबाहेर ठेवा. ठाण्यात द्या, नाहीतर परवाना असलेल्या बंदुकांच्या दुकानात जमा करा."

उमाकांतराव जानव्याची किल्ली बोटांत फिरवत राहिले. "निवडणूक नाही, काही नाही. आता अचानक जमा करायला गेलो तर विचारतील, का? काय सांगू? मुलाचं डोकं ठिकाणावर नाही म्हणून सांगू? उद्या त्याच्या लग्नाचं बघायचंय."

"सांगा आजारी आहे म्हणून. कावीळ झाली असती तर सांगितलं नसतं?"

"अगं, दसरा आलाय तोंडावर. बाबांपासून पूजेत खंड पडलेला नाही. एवढी पूजा होऊ दे. दसरा झाला की मी स्वतः नेऊन देतो. शब्द देतो तुला." मग त्यांनी माझ्यावर नेहमीसारखी टिचकी मारली. "आणि तोवर हे आहे ना!"

अलकाताई शेवटी "सरी" म्हणाल्या. कानडी मुलखात आयुष्य गेलं की हो म्हणायला तोच शब्द तोंडात येतो. मला ओरडून सांगायचं होतं, ताई, सरी म्हणू नका. पण कुलपाचं कोण ऐकतं?

औषधं सुरू झाली. आशय थोडा खाऊ लागला. खंडेनवमीच्या सकाळी तर तो स्वतः उठला, दाढी केली, स्टुलावर चढून दाराला आंब्याचं तोरण बांधलं. अलकाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. उमाकांतराव म्हणाले, "बघ, मी म्हणत नव्हतो?" घरभर आनंदीआनंद झाला. पण ताप उतरला तरी अंगात कसर राहते, आणि मनाची कसर कपाळाला हात लावून कळत नाही.

पूजा झाली, आरती झाली, नैवेद्य झाला. मी चौरंगावर हळदकुंकू लावून, झेंडू घेऊन नवरदेवासारखा बसलो होतो. जेवणं उरकल्यावर अलकाताई हळूच म्हणाल्या, "अहो, आता ती आत ठेवून द्या ना. उद्या सकाळी हवं तर परत काढा."

"उत्तरपूजेआधी शस्त्र हलवत नाहीत, अलका. बाबांनी कधी हलवलं नव्हतं."

"मामंजींच्या वेळी घरात आजारी माणूस नव्हतं."

"सणासुदीचं काहीतरी अभद्र बोलू नकोस. मी बसतो इथे राखणीला, मग तर झालं?"

आणि ते खरंच बसले. वेताची खुर्ची चौरंगाजवळ ओढली आणि वर्तमानपत्र उघडलं. दुपारभर हलले नाहीत. आशय आपल्या खोलीत, अलकाताई स्वयंपाकघरात. संध्याकाळचं ऊन पायरीवर आलं तेव्हा फाटकातून मंजण्णाची हाक आली. मंजण्णा समोरचा रिक्षावाला. गल्लीतल्या गाड्यांची पूजा तोच मांडायचा, आणि पहिला कोहळा फोडायचा मान उमाकांतरावांचा, कारण गल्लीत वयाने तेच वडील.

"बन्नी सार, बन्नी!" मंजण्णा ओरडला. या साहेब, या.

उमाकांतरावांनी चौरंगाकडे पाहिलं, आत पाहिलं. सगळं शांत होतं. "अगं, स्वल्प बाहेर जाऊन आलोच," असं अर्ध्या कानडीत म्हणून ते चपलाही न घालता गेले. फाटक तरी किती लांब? मला खुर्चीत टाकलेलं वर्तमानपत्र दिसत होतं आणि दारातून त्यांची पाठही दिसत होती.

आशय बाहेर आला. वडिलांच्या खुर्चीत बसला. सकाळी तोरण बांधणारा चेहरा तो नव्हता. त्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, राग नाही, दुःख नाही. तो माझ्याकडे पाहत नव्हता. मी माझं सगळं पितळ एकवटून मनात म्हणत होतो, आशू, अरे, इकडे बघ, मी तुझा कुलूपमामा. पण माझी किल्ली माझ्याच पोटात होती आणि ज्या कपाटाला मी असायला हवं होतं, त्याचं दार आतल्या खोलीत सताड उघडं होतं. थोड्या वेळाने काडतुसांच्या ताम्हनाकडे माझी नजर गेली तर ते रिकामं होतं.

अलकाताई परातीत चुरमुरे आणि डाळं घेऊन आल्या, गल्लीत वाटायला. "आशू, हे जरा मंजण्णाकडे..." म्हणता म्हणता त्यांनी पाहिलं. परात हातातून पडली आणि चुरमुरे घरभर उधळले. त्या किंचाळल्या नाहीत. अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "आशू, ठेव ते खाली. माझ्याकडे बघ, बाळा."

"आई, तू आत जा. प्लीज, आत जा ग."

त्या आत गेल्या नाहीत. कुठली आई जाईल? त्या पुढे आल्या आणि त्यांनी दोन्ही हातांनी बंदुकीची नळी धरून ती त्याच्यापासून दूर ढकलली.

पुढचं मी पाहिलं, पण सांगणार नाही. एवढंच सांगतो की आशय वाचला, आणि अलकाताईंचा उजवा हात कायमचा निकामी झाला.

बाहेर कुणीतरी फटाक्यांची माळ लावली होती. उमाकांतराव कोहळा हातात घेऊन उभे होते. आवाज ऐकून ते हसत मंजण्णाला म्हणाले होते, "हा बार मात्र जोरात होता!" हे त्यांनीच नंतर सांगितलं. किती तरी वेळा सांगितलं. कुणी विचारलं नाही तरी सांगत. आपल्या घरातली गोळी आपल्याला फटाका वाटली, हे त्यांना स्वतःला माफ करता येत नाही.

मग आशयचा आवाज आला. "बाबा! बाबा!" त्याने चौरंगावरचं लाल वस्त्र हिसडून ओढलं. मोजपट्टी, कात्री, झेंडू, मी, सगळे धडाधड फरशीवर पडलो. ते वस्त्र त्याने आईच्या हाताला घट्ट आवळून धरलं आणि मंजण्णाच्या रिक्षेत बसेपर्यंत पकड सोडली नाही. केळीचे खांब लावलेली ती रिक्षा पूजेला चाकांखाली ठेवलेली लिंबं चिरडत निघून गेली. रुग्णालयातले डॉक्टर पुढे म्हणाले, त्याने दाबून धरलं म्हणून आई जगली. मित्रांनो, हे लक्षात ठेवा. कारण पुढे लोकांनी त्याला नाही नाही ते म्हटलं.

पोलीस आले तेव्हा मी चुरमुऱ्यांत पडलेलो होतो. महिला फौजदारांनी उमाकांतरावांना विचारलं, "बंदुकीच्या कपाटाला कुलूप नव्हतं?"

"होतं."

"कुठे आहे?"

उमाकांतरावांनी माझ्याकडे बोट केलं.

"आणि किल्ली?"

"त्यातच," ते म्हणाले. आणि ते तिथेच फरशीवर बसले.

बंदूक जप्त झाली, परवाना रद्द झाला, हलगर्जीपणाचा खटला उभा राहिला. तो अजून चालू आहे. वकील म्हणाले, मुलाच्या आजाराकडे बोट दाखवा. उमाकांतराव म्हणाले, "मुलगा आजारी होता. बेजबाबदार मी होतो. डॉक्टरांनी मला तोंडावर सांगितलं होतं." मला त्यांचा खूप राग आला होता, पण त्या दिवशी तो अर्धा झाला.

गल्लीतल्या लोकांचा मात्र अजून येतो. 'वेड्याच्या हातात कोलीत' म्हणाले. 'त्या घरासमोरून मुलांना जाऊ देऊ नका' म्हणाले. अरे, त्या मुलाने उभ्या जन्मात कुणाला चापट मारली नव्हती! मनाने आजारी असलेली बहुतेक माणसं कुणाच्या वाटेला जात नाहीत. ती आतल्या आत झुरतात, आणि धोका असलाच तर बहुतेक वेळा त्यांचा त्यांनाच असतो. त्यांच्या एका वाईट घटकेला हाताशी काय असतं, यावर सगळं ठरतं. ती घटका टळली की माणूस पुन्हा किनाऱ्याला लागू शकतो. आशयनेच रुग्णालयात आईला सांगितलं, "मला मरायचं नव्हतं ग. मला फक्त ते सगळं थांबायला हवं होतं."

ते रिकामं कपाट उमाकांतरावांनी भिंतीपासून सोडवून भंगारात दिलं. मला त्यांनी हत्यारांच्या पेटीत टाकलं, पान्यांच्या आणि खिळ्यांच्या खाली. तिथे मी किती महिने होतो, मला माहीत नाही. कुणी टिचकी मारली नाही, तेल घातलं नाही. बाहेरचं ऐकू मात्र यायचं. अलकाताई आता पोळ्या लाटू शकत नव्हत्या, उजव्या हाताची बोटं मिटत नव्हती. पोळ्या उमाकांतराव करायचे. इंजिनिअरच्या हातच्या पोळ्या गोल व्हायच्या, पण करपायच्या, आणि सगळे निमूटपणे खायचे. पूर्वी या घरात जेवताना एवढी शांतता नसायची.

मग एक दिवस पेटी उघडली. मला बाहेर काढणारे उमाकांतरावच होते. आशय उपचार घेऊन घरी परतला होता आणि डॉक्टर स्मितांनी सांगितलं होतं की औषधं कुलपात ठेवा, रोजची गोळी रोज काढून द्या. उमाकांतरावांनी एका लोखंडी पेटीत औषधं नीट रचली, कडीला मला अडकवलं, दोनदा ओढून पाहिलं आणि सवयीने किल्ली आपल्या जानव्याकडे नेली.

"बाबा," आशय म्हणाला. अगदी मऊ आवाजात म्हणाला. "किल्ली आईकडे द्या."

उमाकांतराव किल्ली हातात धरून उभे. आयुष्यभर ज्यांच्या हाताखालचा एक स्क्रू ढिला राहिला नव्हता, त्यांच्या पोटच्या पोराने त्यांच्याकडून किल्ली मागून घेतली. मला वाटलं, ते रागावतील.

"हो," ते म्हणाले. "बरोबर आहे तुझं."

त्यांनी ती अलकाताईंच्या डाव्या तळहातावर ठेवली आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला. भांडी तर सगळी घासलेली होती. आशय थोडा वेळ नळाचा आवाज ऐकत बसला. मग उठून आत गेला. बऱ्याच वेळाने नळ बंद झाला, तरी दोघं बाहेर आले नाहीत.

मित्रांनो, माझं आयुष्य राखणीत गेलं, म्हणून माझं एवढं ऐका. ज्यांच्या घरी बंदूक आहे त्यांनी ती कुलपातच ठेवावी, काडतुसं लांब ठेवावीत. आणि घरात कुणाचं मन आजारी असेल तर ती घरातच ठेवू नये. ठाण्यात जाऊन सांगायची लाज वाटू देऊ नये. लाज चार दिवसांची असते. कुणी तुमच्याशी बोलेनासं झालं, जेवेनासं झालं, तर त्याला पळायला पाठवू नका, त्याच्याजवळ बसा, डॉक्टरांकडे न्या, आणि डॉक्टर सांगतील ते त्याच दिवशी करा. दसऱ्याची वाट पाहू नका. पूजा करा, नमस्कार करा, पण आम्हा कुलपांना सुट्टी देऊ नका. आम्हाला ती नको आहे.

आता रोज सकाळी अलकाताई माझ्यापाशी येतात. डाव्या हाताला अजून सराव नाही. किल्ली भोकात नीट बसत नाही, बसली तर उलटी फिरते. त्या वैतागतात, स्वतःवर चिडतात. आशय पाण्याचा पेला घेऊन शेजारी उभा असतो.

"घाई करू नकोस, आई," तो म्हणतो. "मला कुठे जायचं नाहीये."